कारण : मुलीला ताप

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला बैठक चालू असताना माझा फोन थरथरला. शाळेचा नंबर होता. बाहेर येऊन उचलला. "मुलीला ताप आहे, लगेच घेऊन जा. आईचा फोन लागत नव्हता, म्हणून तुम्हाला केला." प्रवेशाच्या अर्जावर पहिला नंबर माझा आहे, मीच तो लिहिलाय. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. मी आत गेलो, साहेबांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "सर, मला जरा कणकण वाटतेय. निघू का?" ते लगेच म्हणाले, "अरे, जा जा. आराम कर."

मला काहीही झालं नव्हतं. तापलेल्या लेकीला आणायला निघालेला बाप खोटं बोलून निघाला होता, आणि ते खोटं त्याच्या तोंडून अगदी सहज आलं होतं.

याआधी एकदा मी खरं सांगितलं होतं. तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, "का, घरी कुणी नाही का?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माणूस चांगला आहे. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात रुतून बसला. स्वतःच्या तापाला सहानुभूती मिळते. मुलीच्या तापाला चौकशी. माझ्या बायकोची गोष्ट वेगळी. तिला तिच्या ऑफिसात कुणी काही विचारत नाही. ती निघणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. मात्र मोठ्या जबाबदारीचं काम वाटायची वेळ येते तेव्हा "तिला जमेल का, मूल लहान आहे" असं कुणीतरी हळूच म्हणतं, आणि काम दुसऱ्याकडे जातं. मला प्रश्न विचारतात, तिला विचारतही नाहीत. दोन्हीकडे मूल म्हणजे नोकरीच्या वाटेत आलेली अडचण.

लहान मुलांच्या आईबापांचं आयुष्य म्हणजे तारेवरची कसरत, असं आपण येता-जाता म्हणतो. एक दिवस छान जातो, दुसऱ्या दिवशी सगळं कोसळतं, चढउतार चालायचेच. हे बोलणं मला आता पटेनासं झालंय. कारण आपण ज्याला उतार म्हणतो त्यातला बराचसा भाग अचानक येतच नाही. तो आधी मोजता येतो, आणि तरीही त्याची सोय कुणी करत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

साधा हिशेब बघा. लहान मुलांना वर्षाकाठी सरासरी 6 ते 8 वेळा सर्दी-पडसं होतं. शाळेत किंवा पाळणाघरात नव्याने जायला लागलेल्या मुलांना त्याहूनही जास्त वेळा. यात आईबापांचा हलगर्जीपणा नसतो. त्या वयात शरीर एकेका विषाणूची ओळख करून घेत असतं, आणि विषाणू शेकड्यांनी आहेत. आता यातल्या निम्म्याच वेळी ताप आला असं धरू. बऱ्याच शाळांचा नियम असतो की औषध न देता 24 तास ताप नसेल तेव्हाच मुलाला पाठवा. नियम योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की एका तापाला कमीत कमी दोन दिवस जातात. म्हणजे एका मुलामागे 6 ते 8 दिवस. दोन मुलं असली तर दुप्पट, कारण दोघं एकाच वेळी आजारी पडतील असं नाही. बहुतेकदा एक उठलं की दुसरं झोपतं. पोट बिघडणं, कानदुखी, कांजिण्या, दातांचा डॉक्टर हे मी धरलेलंच नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1970 सालचा करार म्हणतो की नोकरदाराला वर्षाला निदान 3 आठवड्यांची पगारी सुट्टी मिळावी. ती विश्रांतीसाठी. दोन मुलांच्या तापातच त्यातले जवळजवळ सगळे दिवस खर्ची पडतात. आणि शाळेच्या सुट्ट्या अजून मोजायच्याच आहेत. बहुतेक देशांत शाळा वर्षातले साधारण 180 ते 200 दिवस भरते. आठवड्याला पाच दिवसांची नोकरी आणि बरी रजा धरली तरी कामाचे दिवस 230 च्या आसपास येतात. तीस-पन्नास दिवस असे उरतात की शाळा बंद आणि ऑफिस चालू. शिवाय रोजची तफावत आहेच, शाळा दुपारी सुटते आणि ऑफिस संध्याकाळी.

हे आकडे कुणापासून लपलेले नाहीत. ज्या कंपनीला पुढच्या तीन वर्षांच्या विक्रीचा अंदाज बांधता येतो, जिथे यंत्र वर्षातून किती दिवस दुरुस्तीसाठी बंद राहील हे आधी लिहून ठेवतात, तिथे माणसाचं मूल वर्षातून आठ दिवस आजारी पडेल हे मात्र दरवेळी आकस्मिक ठरतं. यंत्राच्या देखभालीला वेळापत्रकात जागा असते.

याचं मूळ मला आठ तासांच्या दिवसात दिसतं. आठ तास काम, आठ तास विरंगुळा, आठ तास विश्रांती ही घोषणा ब्रिटनमधल्या रॉबर्ट ओवेन या सुधारणावादी गिरणीमालकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिली. पुढे कामगारांनी त्यासाठी रक्त सांडलं, आणि 1919 साली श्रम संघटनेचा पहिलावहिला करार झाला तो कारखान्यांतल्या कामाच्या तासांचाच, दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. त्या लढ्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण चोवीस तासांची ती वाटणी पुन्हा एकदा बघा. आठ, आठ आणि आठ. मुलाला न्हाऊ घालणं, भरवणं, रात्री उठून कपाळाला हात लावून बघणं यासाठी त्यात एक मिनिटही ठेवलेलं नाही. कारण ते करणारं माणूस घरी होतं आणि त्याचा दिवस कुणी मोजत नव्हतं. आज दोघंही कामावर जातात, कित्येक घरांत एकच पालक असतो, पण वाटणी तीच आहे. "घरी कुणी नाही का?" हा प्रश्न माझ्या साहेबांचा नाही, तो शंभर वर्षांपूर्वीच्या वेळापत्रकाचा आहे.

यावर आईबापांना जे उपाय सुचवले जातात ते बघून मला खरोखर त्रास होतो. पहाटे उठा. आदल्या रात्री कपडे काढून ठेवा. कामांची यादी करा. फोन दूर ठेवा. नाही म्हणायला शिका. यातलं काहीच चुकीचं नाही, आणि आम्ही दोघं यातलं बहुतेक सगळं करतो. रविवारी संध्याकाळी आठवड्याचं वेळापत्रक लिहून दारामागे चिकटवतो. पण ताप यादी बघून येत नाही. अकरा वाजता दोन ठिकाणी हजर राहण्याची युक्ती कुठल्याही नियोजनात नाही. जिथे वेळच कमी आहे तिथे वेळेचं व्यवस्थापन शिकवणं म्हणजे तुटपुंजं पांघरूण कसं ओढायचं ते शिकवणं. डोकं झाकलं की पाय उघडे. वाईट म्हणजे, एवढं करूनही जमलं नाही की माणूस स्वतःलाच दोष देतो. मलाच झेपत नाही, बाकीच्यांना कसं जमतं? बाकीच्यांनाही जमत नसतं. तेही बैठकीतून उठताना कणकणीचं कारण सांगत असतात.

अमेरिकेच्या सर्जन जनरलनी ऑगस्ट 2024 मध्ये आईबापांच्या ताणाबद्दल एक जाहीर सूचनापत्र काढलं. तंबाखूसारख्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नांवर जिथून इशारे निघतात, ते हे पद. त्या पत्रात म्हटलंय की 48 टक्के पालकांना बहुतेक दिवशी ताण पार असह्य वाटतो. इतर प्रौढांमध्ये हे प्रमाण 26 टक्के आहे. मला त्यातल्या आकड्यापेक्षा ते पत्र निघालं ही गोष्ट मोठी वाटते. जवळजवळ निम्मे लोक एकाच ठिकाणी घसरून पडत असतील तर चालणाऱ्यांना तोल सांभाळायला शिकवून भागत नाही, रस्ता बघावा लागतो.

हा भार कुणाच्या अंगावर पडतो, हेही आता नीट मोजलेलं आहे. श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी घरकामाच्या आणि संगोपनाच्या तासांपैकी 76.2 टक्के तास बायका करतात. दिवसाला 4 तास 25 मिनिटं त्यांची, 1 तास 23 मिनिटं पुरुषांची. शाळेने मुलीच्या आईला आधी फोन लावला यात नवल काय? शाळा जगाच्या सरासरीप्रमाणेच वागली.

इथे कागदावर झालेला एक बदल सांगावासा वाटतो. 1965 साली श्रम संघटनेने या प्रश्नावर एक शिफारस केली, तिचं शीर्षक होतं कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या 'स्त्रियां'च्या रोजगाराबद्दल. 1981 मध्ये त्याच विषयावर करार झाला तेव्हा 'स्त्रिया' हा शब्द गेला आणि 'कामगार' आला. स्त्री आणि पुरुष दोघेही. सोळा वर्षांत एका शब्दाचा प्रवास झाला. पण त्या कराराला मान्यता देणारे देश अजूनही संघटनेच्या सभासदांपैकी सुमारे पाव आहेत. कागद 1981 मध्ये आहे आणि शाळेचा फोन 1965 मध्ये.

घरातलं हे न दिसणारं काम एका दिवसासाठी थांबलं तर काय होतं, हे आइसलँडने 24 ऑक्टोबर 1975 ला बघितलं. तिथल्या सुमारे 90 टक्के बायकांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं, बाहेरचं आणि घरातलंही. बापांना मुलं घेऊन कामावर जावं लागलं. रेडिओवर बातम्या चालू असताना मागून मुलांचे आवाज ऐकू येत होते. तो आवाज कधी मनात आणून बघा. त्या आधीही मुलं होतीच आणि कुणीतरी ती सांभाळत होतंच. फक्त बातम्या वाचणाऱ्याच्या खोलीपर्यंत त्यांचा आवाज पोचत नव्हता.

मग काय करायचं? माझी मागणी साधी आहे. मुलाच्या आजारपणासाठी वेगळी, पगारी, आईबाप दोघांच्याही नावावर असलेली रजा कायद्याने मिळावी. ती स्वतःच्या आजारपणाच्या रजेतून कापू नये, वार्षिक सुट्टीतूनही नाही. हे स्वप्नरंजन नाही. स्वीडनमध्ये साधारण बारा वर्षांखालच्या मुलाच्या आजारपणासाठी एका मुलामागे वर्षाला 120 दिवसांपर्यंत भत्ता मिळू शकतो, पगाराच्या 80 टक्क्यांच्या थोडा खाली. जर्मनीत सरकारी आरोग्य विम्यातल्या पालकाला 2024 पासून एका मुलामागे वर्षाला 15 दिवस मिळतात, एकट्या पालकाला 30. बुडालेल्या निव्वळ पगाराचा बराचसा भाग विमा भरून देतो.

स्वीडनची आणखी एक गोष्ट मला फार भावली. आजारी मुलासाठी घरी राहणं याला त्यांच्या भाषेत रोजच्या वापरातलं एक क्रियापद आहे, 'वाब्बा'. मुलाची देखभाल या अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरं जोडून ते तयार झालंय. माणूस कळवतो, मी आज 'वाब' करतोय, आणि कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. फेब्रुवारीत मुलं फार आजारी पडतात म्हणून त्या महिन्यालाच ते गमतीने 'वाब्रुआरी' म्हणतात. कायद्याने हक्क दिला, हक्काला नाव मिळालं, आणि नाव मिळाल्यावर लाज गेली. आपल्याकडे 'कणकण आहे' हेच त्या क्रियापदाचं काम करतंय.

रजा दोघांच्या नावावर असावी, आणि ती एकमेकांना देता येऊ नये, याचा मी आग्रह धरेन. नॉर्वेने 1993 मध्ये बाळाच्या जन्मानंतरच्या रजेतले 4 आठवडे बापासाठी राखून ठेवले. बापाने घेतले नाहीत तर ते बुडाले. त्याआधी अशी रजा घेणारे बाप बोटांवर मोजण्याइतके होते. काही वर्षांतच बहुसंख्य बाप ती घेऊ लागले. बापांचं प्रेम 1993 मध्ये एकाएकी वाढलं नाही. त्यांना मागावं लागत होतं ते मागावं लागेनासं झालं. नुसती मुभा दिली की साहेबाच्या चेहऱ्याकडे बघून माणूस मागे सरकतो. स्वतःहून सांगतो, मी सरकलोय.

यावर जे आक्षेप आहेत ते मी हलके मानत नाही. चार माणसांचं दुकान किंवा छोटी कार्यशाळा चालवणारा म्हणेल की एक माणूस न आला तर माझं काम अडतं, वर पगार कुठून देऊ? त्याचं म्हणणं रास्त आहे. म्हणूनच खर्च एकट्या मालकावर टाकू नये. स्वीडन आणि जर्मनीत तो सामायिक विम्यातून जातो. सगळे थोडं थोडं भरतात, ज्याला गरज पडते त्याला मिळतं. खर्च एकट्या मालकावर टाकला तर तो लहान मुलांच्या आयांना कामावर घेणंच बंद करील, आणि मदत करायला निघालेला कायदा उलटा बसेल.

दुसरा आक्षेप सहकाऱ्यांचा. आम्हाला मुलं नाहीत, मग तुमच्या मुलांचा भार आम्ही का उचलायचा? माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला मूल नाही. त्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार तास. तोही कणकणीचं कारण सांगतो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यामुळे माझा हट्ट फक्त मुलांसाठी नाही. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशात घरातल्या कुणाचीही देखभाल करावी लागणाऱ्याला वर्षाला 5 दिवसांची वेगळी रजा दिली आहे. पाच दिवस फार कमी, आणि पगार देण्याची सक्तीही नाही. पण दिशा बरोबर आहे. कुणाचं मूल, कुणाचे वडील, कुणाचा नवरा. ज्याच्यामागे आजारी माणूस आहे त्याचा दिवस वेगळा असतो, एवढं मान्य करायचं.

आणि तिसरा, घरोघर ऐकू येणारा. पूर्वी काय मुलं वाढली नाहीत? वाढली. ज्या बायकांनी ती वाढवली त्यांना कुणी विचारलं नाही. याहून जास्त उत्तर मला या प्रश्नाला द्यावंसं वाटत नाही.

पण हे सगळं कशासाठी, ते त्या मंगळवारमुळे मला नीट कळलं. सकाळी निघायला उशीर होत होता. लेक जिन्यात बसून राहिली होती, बूट हातात. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडलो. ती म्हणाली, "बाबा, पाय जड झालेत." मला वाटलं, शाळा चुकवायचं निमित्त. मी बूट तिच्या पायात जवळजवळ कोंबले आणि तिला ओढतच खाली नेलं. ती रडली नाही. शाळेच्या दारात वळून बघितलंही नाही. अकरा वाजता फोन आला तेव्हा ते दोन शब्द माझ्या कानात वाजले. पाय जड झाले होते ते तापाने.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने आई आणि तान्हं बाळ यांच्यातल्या देवघेवीचा बारकाईने अभ्यास केला. चांगलं नातं असलेल्या जोड्यांमध्येही दोघांचं सूर जुळणं सुमारे 30 टक्के वेळच घडतं, असं त्यात दिसलं. उरलेला वेळ चुकामूक, आणि मग पुन्हा जुळवून घेणं. बाळाला आधार मिळतो तो या पुन्हा जुळवून घेण्यातून. हे वाचल्यावर माझ्यावरचं एक ओझं उतरलं आणि दुसरं चढलं. ओरडलो म्हणून सगळं संपलं असं नाही, हे बरं वाटलं. पण पुन्हा जुळवायला वेळ लागतो, आणि तो कधी लागेल ते मूल ठरवतं. रात्री साडेनऊला, दिवा मालवल्यावर, आपले डोळे मिटत असताना. किंवा तापाने पडलं असताना दुपारी तीनला. 'दर्जेदार वेळ' म्हणून शनिवारी चार ते सहा राखून ठेवला तर मूल त्या दोन तासांत मन उघडं करीलच असं नाही. बोलणं सैल वेळेत होतं. आपण तो सैलपणाच आयुष्यातून काढून टाकलाय.

त्या दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो. औषधाने घाम येऊन ताप उतरत होता. अडीच तास आम्ही काहीही केलं नाही. चार वाजता तिने डोळे उघडले, माझा हात ओढून आपल्या गालाखाली घेतला आणि म्हणाली, "सकाळी मी खोटं नव्हते बोलत." मी म्हणालो, "माहिताय. माझंच चुकलं." मग ती बराच वेळ बोलत राहिली. वर्गातल्या कुणीतरी तिच्याशी खेळणं बंद केलंय, हे तिने तेव्हा सांगितलं. पंधरा दिवस झाले होते त्या गोष्टीला. पंधरा दिवस रोज सकाळी मी तिला लवकर आवर म्हणत होतो.

ही दुपार मला खोटं बोलून मिळाली होती. असे कितीतरी आईबाप असतील ज्यांना खोटं बोलूनही ती मिळत नाही. ज्यांचा पगार दिवसावर आहे, ज्यांची पाळी बुडली की दिवसाची कमाई गेली, त्यांना कणकणीचंही कारण चालत नाही. माझी मागणी खरी त्यांची आहे. मी महिन्याच्या पगारावर आहे, माझं कसंबसं भागतं.

पुढच्या महिन्यात तिला पुन्हा ताप आला. सहा ते आठपैकी आणखी एक. या वेळी रजेच्या अर्जावर 'कारण' या रकान्यात मी नेहमीचं 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं नाही. लिहिलं, 'मुलीला ताप'. अर्ज दोन दिवस साहेबांच्या टेबलावर पडून राहिला, मग सही होऊन आला, काही न बोलता. त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने माझ्याकडे तो कागद बघायला मागितला. बघितला, परत दिला आणि स्वतःचा अर्ज पुढे ओढून त्या रकान्यात लिहिलं, 'वडिलांचं डायलिसिस'.